थांबविण्याची विद्या : जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागील ड्रम ब्रेकची पुनर्जुळणी

चाकाचा शोध हा मानवी इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय, हे वाक्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षे उच्चारीत आलो आहोत. परंतु फिरते चाक हवे तेव्हा, हवे तेथे थांबविण्याची विद्या माणसाने कशी मिळविली, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो. वास्तविक, जे थांबविता येत नाही ते चालविण्यास माणूस धजत नाही. म्हणून वेगाचा इतिहास हा एका अर्थी ब्रेकचाच इतिहास आहे.

या लेखात आम्ही एका विशिष्ट यंत्राचा आधार घेऊन हा विषय मांडणार आहोत. हे यंत्र म्हणजे एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. तिच्या सर्व प्रकारांची मिळून पाच लाखांहून अधिक वाहने बाहेर पडली. आजही जगभर अनेक जण ही गाडी हौसेने जतन करतात आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करतात. तिच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक आहेत, तर मागील चाकांना १० इंच व्यासाचे ड्रम ब्रेक आहेत. हे मागील ब्रेक उघडून, साफ करून पुन्हा कसे जुळवावयाचे, हा आमच्या पाठाचा विषय आहे. आपल्याकडील रिक्षा, स्कूटर आणि मोठी वाहने यांतही ड्रम ब्रेकचे तत्त्व हेच असल्यामुळे, तांत्रिक शिक्षणाकडे वळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास परका वाटू नये.

१. थोडा इतिहास

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या महिलेने आपल्या दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत मोटारीने प्रवास केला. मोटारीचा हा पहिला दूरचा प्रवास मानला जातो. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतील एका चर्मकाराकडून त्या लाकडावर चामडे ठोकून घेतले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ब्रेकच्या लायनिंगची सुरुवात येथे झाली असे म्हणतात. बर्थाचे नाव मोटारीच्या प्रत्येक इतिहासात येते. ज्याच्या हातांनी ते चामडे बसविले, त्याचे नाव प्रचलित इतिहासात येत नाही. विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे. यंत्रांच्या इतिहासात अशी अनेक अनामिक माणसे असतात.

पुढे १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला आजच्या स्वरूपाजवळ आणले. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. १९५३ मध्ये ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर विजय मिळविला आणि स्पोर्ट्स कारच्या पुढील चाकांवर ड्रमऐवजी डिस्क येऊ लागल्या.

मग मागे ड्रम का राहिले? गाडीला ब्रेक लागला की तिचे वजन पुढे झुकते. पुढील चाकांवरील भार वाढतो, मागील चाकांवरील कमी होतो. त्यामुळे थांबविण्याचे मोठे काम पुढील ब्रेक करतात आणि उष्णताही तेथेच अधिक निर्माण होते. मागे ड्रम पुरेसा ठरतो. शिवाय ड्रमला हँडब्रेक सहज जोडता येतो आणि तो स्वस्तही पडतो.

२. ड्रमच्या आत काय घडते?

ड्रम हा चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा. त्याच्या आत, फिरत नसलेल्या बॅकप्लेटवर दोन अर्धचंद्राकृती ब्रेक शू असतात. शूच्या बाहेरील अंगावर लायनिंग असते. दोन्ही शूंची एकेक टोके व्हील सिलिंडरमध्ये आणि दुसरी टोके ॲडजस्टरमध्ये टेकलेली असतात. रिटर्न स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात.

चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम विज्ञानाच्या पुस्तकात आहे. हाच दाब व्हील सिलिंडरमधील पिस्टन बाहेर ढकलतो. पिस्टनचे क्षेत्रफळ दुप्पट असेल तर त्यावरील बलही दुप्पट होते. शू फाकतात, लायनिंग ड्रमला घासते आणि गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे तेवढीच अधिक उष्णता या लहानशा डब्याला सोसावी लागते.

आणखी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. सिलिंडरकडील टोकापासून ॲडजस्टरकडे ज्या शूवरून ड्रम फिरतो, तो अग्रगामी शू. ड्रमचे फिरणेच त्याला अधिक घट्ट आत खेचते. दुसरा तो अनुगामी शू. ड्रम त्याला दूर ढकलू पाहतो. गाडी मागे जाऊ लागली की या भूमिका उलटतात. म्हणूनच दोन शू दिसायला सारखे असले तरी त्यांची झीज सारखी नसते, आणि कोणता कोठे होता याची नोंद ठेवावी लागते.

३. उघडण्यापूर्वी नोंद

आम्ही इतिहासाचे अध्यापक. उत्खननात सापडलेली वस्तू तिच्या जागेवरून उचलण्यापूर्वी तिची नोंद करावी लागते, हे आम्ही शिकवितो. ब्रेकच्या बाबतीत हाच नियम पाळावा. ड्रम काढताच स्प्रिंगा कोणत्या छिद्रात अडकल्या आहेत, त्या शूच्या कोणत्या अंगाला आहेत, लायनिंग शूच्या कोणत्या टोकापासून किती अंतरावर सुरू होते, हँडब्रेकचा लिव्हर कसा बसला आहे, हे सर्व पाहून छायाचित्र घ्यावे किंवा आकृती काढावी.

दोन्ही बाजू एकाच वेळी उघडू नयेत. एक बाजू पूर्ण जुळवून झाल्यावरच दुसरी हाती घ्यावी. न उघडलेली बाजू हाच आपला नमुना असतो. मात्र ती बाजू आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी आहे, याचे भान असावे.

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. मागील चाके उचलून हँडब्रेक सोडावयाचा असल्यामुळे गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून पुढील चाकांना दोन्ही अंगांनी ओटी लावावी आणि मागील ॲक्सल पक्क्या स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीजवळ काम करू नये. हा नियम सांगून संपत नाही. तो प्रत्येक वेळी पाळावा लागतो.

४. धुळीविषयी स्वतंत्र परिच्छेद

ड्रम उघडल्यावर आत काळसर भुकटी दिसते. ती हवेच्या झोताने उडवून देण्याची सवय गॅरेजमधून दीर्घकाळ चालत आली. या सवयीची किंमत अनेकांनी फुप्फुसांनी मोजली आहे. त्या काळातील लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. उष्णता सोसणारा हा खनिज तंतू ब्रेकसाठी उत्तम, पण श्वासातून आत गेला की तो फुप्फुसात रुतून बसतो आणि कित्येक वर्षांनी रोग प्रकट होतो.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केरशॉ नावाची कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसचे सूत कातीत असे. १९२४ मध्ये वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ती मरण पावली. तिच्या मृत्यूविषयी डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि या रोगाची चर्चा सुरू झाली. तिच्या मालकांनी मात्र नुकसानभरपाई नाकारली. १९३० मध्ये सरकारी पाहणीचा अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. पण ते प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांपुरते होते. गॅरेजमध्ये वाकून ड्रम झटकणारा कामगार त्या नियमांच्या विचारात नव्हता. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी येण्यास १९९९ साल उजाडावे लागले. भारतात त्याचा वापर अद्याप सर्वस्वी बंद झालेला नाही.

म्हणून जुन्या गाडीतील प्रत्येक भुकटी ॲस्बेस्टॉसची आहे असे समजूनच वागावे. ती फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने हळुवार भिजवून ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. तोंडाला साधा रुमाल पुरेसा नाही. सूक्ष्म कण अडविणारा योग्य मास्क वापरावा. लहान मुलांना त्या वेळी जवळ उभे करू नये.

५. तपासणी

जुळणीस बसण्यापूर्वी प्रत्येक भागाची परीक्षा करावी. लायनिंग रिबिटाने बसविलेले असेल तर रिबिटाची डोकी पृष्ठभागाच्या पुरेशी खाली आहेत का ते पाहावे. ती वर आली तर ड्रमवर चरे पाडतात. ड्रमच्या आतील बाजूस खोल चर, तडा किंवा अंडाकृती झीज असेल तर तो तसाच बसवू नये.

व्हील सिलिंडरचे रबरी आवरण हळूच उचलून पाहावे. आत ओल असेल तर वॉशर निकामी झाले आहेत, असा त्याचा अर्थ. ड्रममध्ये तेलकटपणा दिसला तर तो ब्रेक ऑइलचा आहे की ॲक्सलमधील गिअर ऑइलचा, याचा शोध घ्यावा. गिअर ऑइल दाट व उग्र वासाचे असते. ते आढळल्यास ॲक्सलचे ऑइल सील आधी बदलावे. मूळ कारण दूर न करता नवे शू बसविणे व्यर्थ होय. तेल मुरलेले लायनिंग धुऊन वा भाजून पुन्हा वापरू नये. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने असतील तर गाडी ब्रेक लागताच एकीकडे ओढू शकते.

६. जुळणीचा क्रम

पहिली पायरी बॅकप्लेटची. ती स्वच्छ करून, शूच्या कडा ज्या ठिकाणी तिच्यावर घासतात त्या जागी अधिक उष्णता सोसणारे ग्रीस बोटाच्या टोकाइतकेच लावावे. अधिक लावल्यास ते तापून लायनिंगपर्यंत पोहोचते.

दुसरी पायरी व्हील सिलिंडरची. एमजीबीमध्ये हा सिलिंडर मागील बाजूने एका अर्धवर्तुळाकृती क्लिपने बॅकप्लेटशी जखडलेला असतो. ही क्लिप बसविणे हे या कामातील सर्वांत चिवट काम म्हणून प्रसिद्ध आहे. एकाने पुढून सिलिंडर बॅकप्लेटवर घट्ट दाबून धरावा आणि दुसऱ्याने मागून क्लिप खाचेत ढकलावी. जुनी, ताण गेलेली क्लिप पुन्हा वापरू नये. ब्रेकच्या नळीचा नट प्रथम हातानेच दोन-तीन आटे फिरवावा; तिरका लागला तर आटे जातात. सिलिंडरच्या आतील रबराला साधे ग्रीस, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नये. खनिज तेलाने ते रबर फुगते. तेथे स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा त्यासाठीच बनविलेले रबर ग्रीस वापरावे.

तिसरी पायरी ॲडजस्टरची. बॅकप्लेटच्या मागे चौकोनी डोक्याचा एक स्क्रू असतो. तो आत जाताना त्याचे निमुळते टोक दोन लहान दट्ट्यांना बाहेर ढकलते आणि शू ड्रमच्या जवळ येतात. दट्टे काढून, गंज पुसून, किंचित ग्रीस लावून त्यांची तिरपी तोंडे स्क्रूच्या टोकाकडे येतील असे बसवावेत. त्यानंतर स्क्रू पूर्ण मागे घ्यावा, म्हणजे नवे जाड लायनिंग असलेले शू ड्रममध्ये मावतील. हे चौकोनी डोके साध्या पान्याने गोल होते. त्यासाठी मापाचा चौकोनी पानाच वापरावा.

चौथी पायरी हँडब्रेकच्या लिव्हरची. तो रबरी टोपणातून आत येतो. तो सहज हलतो का आणि पूर्ण मागे परततो का, हे पाहावे. अडकलेला लिव्हर शूला नकळत बाहेर ढकलून ठेवतो.

पाचवी पायरी शूंची. स्वच्छ कापडावर दोन्ही शू समोरासमोर मांडून, काढलेल्या आकृतीप्रमाणे स्प्रिंगा योग्य छिद्रांत अडकवाव्यात. हात स्वच्छ धुतलेले असावेत. ग्रीसचे बोट लायनिंगला लागता कामा नये. पिस्टन बाहेर सरकू नयेत म्हणून सिलिंडरवर रबरबँड किंवा तार बांधून ठेवावी. मग शूंची एक टोके खाचेत बसवून, दुसरी टोके पक्कडीने वा स्क्रू ड्रायव्हरच्या आधाराने जागी आणावीत. स्प्रिंगला जोरदार ताण असतो. ती सुटली तर डोळ्याला इजा करते. म्हणून चष्मा लावूनच हे काम करावे. हँडब्रेकच्या लिव्हरची टोके शूंच्या खाचांत बसली आहेत, याची खात्री करून रबरबँड किंवा तार काढून टाकावी. शेवटी शू हलकेच हलवून मध्यभागी आणावेत.

येथे क्षणभर थांबून छायाचित्राशी ताडून पाहावे. ड्रम चढल्यावर यातील काहीही दिसणार नाही.

सहावी पायरी ड्रमची. आतील बाजू क्लीनरने पुसून तो सरळ सरकवावा. तो अडत असेल तर हातोडी मारू नये. अडण्यास कारण असते. शू मध्यभागी नसतील, ॲडजस्टर पुरता मागे घेतला नसेल किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली असेल. कारण शोधावे, ते दूर करावे आणि मग ड्रम बसवावा.

७. समायोजन आणि हवा काढणे

नळी सोडली असल्यास ब्रेकमध्ये हवा शिरलेली असते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे लागते. निर्मात्याच्या पुस्तिकेतील क्रमाने प्रत्येक ब्लीड स्क्रू उघडून हवेचे बुडबुडे संपेपर्यंत ऑइल सोडावे. मास्टर सिलिंडरची टाकी रिकामी होऊ देऊ नये. निघालेले ऑइल पुन्हा भरू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. उतारावर ब्रेक तापले असता हे ऑइल उकळले, तर पेडल थेट तळाला जाते. हे ऑइल रंगही खाते; सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

त्यानंतर पेडल काही वेळा दाबून शू आपापल्या जागी बसू द्यावेत. हँडब्रेक पूर्ण सोडलेला असावा. ॲडजस्टर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत आवळावा आणि नंतर ड्रम मोकळा फिरेपर्यंतच मागे घ्यावा. किंचित घासल्याचा आवाज चालतो. ओढ जाणवता कामा नये.

हँडब्रेकची केबल सर्वांत शेवटी. शू सैल असताना केबल आवळून हँडब्रेक घट्ट करण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास शू आपल्या बैठकीवर परतत नाहीत आणि पुढचे सर्व समायोजन चुकते. आधी मूळ, मग फांदी, हा क्रम उलटू नये.

चाक बसवून, नट योग्य आवळून, गाडी खाली घ्यावी. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहावे. पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी जागची हलवू नये. सर्व ठीक असल्यास निर्मनुष्य, सपाट जागी चालण्याच्या वेगात प्रथम परीक्षा घ्यावी. नवे लायनिंग ड्रमशी जुळण्यास काही अंतर लागते. तोवर एकदम जोराचा ब्रेक लावणे टाळावे. त्यानंतर पुन्हा एकदा समायोजन तपासावे. ज्याला या कामाची सवय नाही, त्याने पहिली जुळणी जाणकार कारागिराच्या नजरेखालीच करावी.

८. समारोप

गाडी चकचकीत दिसावी यासाठी रंग असतो. तो सर्वांना दिसतो. ब्रेक मात्र ड्रमच्या आत असतो. स्प्रिंग योग्य छिद्रात आहे की नाही, नटाचे आटे सरळ लागले की नाही, हे चालकाला कळत नाही, प्रवाशाला कळत नाही, रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला तर कळण्याचा प्रश्नच नाही. तरीही तिघांचा जीव त्यावर अवलंबून असतो. तपासणारे कोणी नसताना केलेल्या कामातच कामाची खरी प्रत दिसते, असे आम्हांस वाटते.

हाताने काम करणाऱ्याला ज्ञानी न मानण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. परंतु वरील पायऱ्यांत पास्कलचा नियम आहे, ऊर्जेचे गणित आहे, द्रव्यांचे रसायन आहे आणि कारण शोधण्याची शिस्त आहे. पान्याला हात लावणारा विद्यार्थी पुस्तकापासून दूर गेला असे कोणी म्हणू नये. तो त्याच पुस्तकाचे पुढील पान वाचीत आहे.

स्वाध्याय

१. मागील चाकांना ड्रम ब्रेक ठेवण्याची तीन कारणे लिहा.
२. अग्रगामी व अनुगामी शू यांतील फरक आकृतीसह स्पष्ट करा. गाडी मागे जाताना काय बदल होतो?
३. हँडब्रेकची केबल सर्वांत शेवटी का जुळवावी?
४. वेग ताशी ३० किलोमीटरवरून ६० किलोमीटर झाल्यास ब्रेकला किती पट ऊर्जा शोषावी लागेल? कारण द्या.
५. आपल्या गावातील एखाद्या गॅरेजला शिक्षकांसह भेट द्या. तेथील कारागीर धुळीपासून स्वतःचे रक्षण कसे करतात, ते विचारून दहा ओळींत लिहा. आणि त्या कारागिराचे नाव, त्यांच्या संमतीने, आपल्या वहीत अवश्य नोंदवा.